सांगडीचा पंखा

मराठीच्या प्राध्यापकाने मोटरबोटीच्या पंख्यावर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांचे बरोबर आहे. वृत्ते आणि अलंकार शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, ज्याला घरचा स्टोव्ह दुरुस्त करता येत नाही, त्याने प्रॉपेलरच्या वाटेला जावे कशाला? पण माणसावर प्रसंग येतात आणि ते शिकवून जातात. माझ्यावर हा प्रसंग आला तो सांगलीपासून हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका सरोवराच्या मधोमध. बोटीत माझी सत्तरी उलटलेली आई होती, पश्चिमेकडून काळे ढग चढत होते, आणि साठ घोड्यांचे बळ असलेले इंजिन नुसते कण्हत होते. घोडे साठ असून बोट पुढे का जात नाही, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. पुढे पंधरा दिवसांनी ते समजले. जे समजले, तेच या लेखात सांगायचे आहे.

बोटीआधीची गोष्ट

माझा धाकटा भाऊ बाळू गेली पंधरा वर्षे मिनियापोलिस शहराजवळ राहतो. मिनेसोटा हा सरोवरांचा प्रांत. तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर दहा हजार सरोवरांचा उल्लेख असतो. दहा एकरांहून मोठी सरोवरे मोजली, तर आकडा ११,८४२ भरतो. मिनेसोटातले 'मिनी' म्हणजे तिथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेत पाणी. त्यांच्या पाण्याला ग्रीकांचे 'पोलिस', म्हणजे नगर, जोडले आणि मिनियापोलिस झाले. मराठीच्या मास्तराला एवढी माहिती मिळाली की त्याचे तिकिटाचे पैसे वसूल होतात!

पण आमच्या घरात पाण्याचे नाव काढायची सोय नव्हती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. आई-बाबांना बचावपथकाने रबरी नावेतून बाहेर काढले. त्या नावेचे इंजिन वाटेत दोनदा बंद पडले. अंधार, वाहते पाणी, आणि ओळखीच्या घरांची नुसती छपरे, हे आईने पाहिले आणि ते तिच्या मनातून गेले नाही. ज्या कृष्णामाईची ती दर वर्षी ओटी भरायची, तिच्या घाटावर ती पुन्हा गेली नाही. २०२१ च्या मे महिन्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. बाळूला येता आले नाही. त्याने सारे टेलिफोनच्या पडद्यावर पाहिले. ही रुखरुख त्याने कधी बोलून दाखवली नाही, आणि मीही कधी विचारली नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी, माझी पत्नी आणि आई अशी तिघे त्याच्याकडे गेलो. दारात एका लांबलचक गाडीवर ती बोट उभी होती. "आईसाठी घेतली," बाळू म्हणाला. "गुडघे दुखतात ना तिचे! हिच्यात पायऱ्या नाहीत, उतार नाही. ओसरीवर बसावं तसं बसायचं."

मराठी सांगड, अमेरिकन पोंटून

ती पोंटून बोट होती. वाचकांनी डोळ्यांसमोर असे चित्र आणावे: ॲल्युमिनियमचे दोन लांब, पोकळ, दोन्ही तोंडांनी बंद असे नळकांडे, त्यांवर टाकलेली सपाट लाकडी बैठक, सभोवार कठडा, कडेने गाद्यांची बाके, वर कापडी छत. बाळूची बोट बावीस फूट लांब होती. वेगाने पाणी चिरत जाणारी ही बोट नव्हे. ही तरंगती ओसरी.

मला मात्र पहिल्याच नजरेला ती ओळखीची वाटली. दोन होड्या किंवा दोन ओंडके शेजारी शेजारी बांधून केलेल्या तराफ्याला आपल्याकडे 'सांगड' म्हणतात. वाळलेले भोपळे एकत्र बांधून नदी उतरायची, तीही सांगडच. आज आपण संसार आणि नोकरी यांची 'सांगड घालतो', ती मूळची नदीवरची. दोन गोष्टी अशा बांधायच्या की एकीचा तोल दुसरीने सावरावा.

अमेरिकेतली ही सांगड मिनेसोटातच जन्माला आली असे मानतात. रिचमंड गावचा अँब्रोझ वीअर्स नावाचा शेतकरी होता. १९५२ साली त्याने पत्र्याची पिंपे एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या, त्यांवर लाकडी बैठक ठोकली आणि ते प्रकरण सरोवरात लोटले. त्याला वाटले, लाकडी बैठक पिंपांवर ठेवली तर साध्या होडीपेक्षा ती डुलायची कमी. त्याचे अनुमान बरोबर ठरले आणि त्यावर पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

बोटीच्या मागे टांगायचे आउटबोर्ड इंजिनही शेजारच्याच विस्कॉन्सिन राज्यात लोकप्रिय झाले. ओल एव्हिनरूड हा नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातला कारागीर. असे सांगतात की, एका कडक उन्हाळ्याच्या दिवशी त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवे झाले. तो वल्ही मारीत सरोवरापलीकडे गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले होते. त्याच्या आधीही असे इंजिन करणारे लोक होते. पण १९०९ पासून त्याने विकलेल्या इंजिनांनी वल्ह्यांची सुट्टी केली, हे खरे. एका विरघळलेल्या आइस्क्रीममधून एवढा उद्योग निघाला, ही दंतकथा असली तरी खोटी मानवत नाही. प्रेमात पडलेली माणसे याहून अवघड कामे करतात.

तो रविवार

जुलैतल्या एका रविवारी आम्ही मिनेटोंका सरोवरावर गेलो. मिनियापोलिसच्या पश्चिमेचे हे सरोवर म्हणजे एक सरोवर नव्हेच. अनेक उपसागर एकमेकांत गुंफलेले, किनारा सव्वाशे मैलांचा. आम्ही सहा मोठी माणसे, बाळूचे दोन मुलगे, आणि त्याच्या मित्राचे जोडपे, असे दहा जण. बोटीवरच्या पाटीत अकरा माणसांची परवानगी होती, तेव्हा नियम आम्ही मोडला नव्हता. शिवाय थालीपिठांचे डबे, बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन, छत्र्या आणि मराठी माणसाच्या सहलीत असते ती सतरंजी.

आईला बोटीत बसवायला अर्धा तास लागला. बाळूने तिला जीवरक्षक जाकीट घातले. दहा वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना ते घालावेच लागते, असा तिथला कायदा आहे. नातू म्हणाला, "आजी, माझ्याकडे पाहा. मी घातलंय ना?" तेव्हा कुठे तिने पाय उचलला.

जाताना वारा पाठीशी होता. बोट सावकाश चालली होती, पण कोणाला घाई होती? दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेला आभाळ काळवंडले. बाळूने बोट वळवली आणि थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला. इंजिन घुमले. बोट मात्र तशीच. समोरून वारा, समोरून लाटा, आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने चाललेलो. दांडा पार पुढे टेकलेला, तरी इंजिनाचा आवाज चढत नव्हता. चढावर वरच्या गिअरमध्ये अडकलेला ट्रक जसा दम टाकीत धापतो, तसा तो आवाज होता. एका वळणावर एकाएकी इंजिन किंचाळले आणि बोटीचा सारा जोरच गेला. क्षणभर आम्ही आडवे झालो. बाळूने दांडा मागे घेतला, पुन्हा हळू पुढे नेला, तेव्हा पकड आली.

आईने डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते. तिच्या मनात कोणते पाणी होते, हे मला आणि बाळूला वेगळे सांगायला नको होते.

किनाऱ्यावरच्या एका अनोळखी गृहस्थाने हात हलवून आम्हांला आपल्या धक्क्याला बोट बांधू दिली. विजा चमकायला लागल्या तेव्हा आम्ही त्याच्या पडवीत उभे होतो. आई तिथून मोटारीने घरी आली. रात्री जेवताना तिने एवढेच सांगितले, "मी आता त्या नावेत बसायची नाही. मला आग्रह करू नका."

आणि मग आम्हां दोघा भावांत जे व्हायचे ते झाले. मी म्हणालो, "मिरवायला घेतलीस बोट. इंजिन तरी पाहून घ्यायचंस." बाळू म्हणाला, "दादा, तू नेहमी नुसतं काठावरून बोलतोस." हे वाक्य बोटीबद्दल नव्हते. बाबांच्या आजारपणात काठावर कोण होते आणि पाण्यात कोण, हा हिशेब दोन वर्षे आमच्यात न बोलता पडून होता. भावजयीने ताटे उचलली, म्हणून तो तेवढ्यावर थांबला.

तीन प्रश्न

दुसऱ्या शनिवारी बाळू बोटीच्या सामानाच्या एका दुकानात निघाला. मी न बोलता गाडीत जाऊन बसलो. त्याला मोठे इंजिन घ्यायचे होते. साठ घोडे पुरत नाहीत तर नव्वद घ्यावेत, हा आपला सर्वांचाच व्यवहार असतो.

गल्ल्यामागे एक वृद्ध कारागीर होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि तीन प्रश्न विचारले. बोटीत माणसे किती बसतात? दांडा पूर्ण पुढे असताना इंजिनाचे फेरे मिनिटाला किती होतात? आणि पंख्याच्या तुंब्यावर कोणते आकडे कोरले आहेत? पहिल्याचे उत्तर बाळूला आले. पुढच्या दोन्हींना तो गप्प. मला वर्गातल्या मागच्या बाकाची आठवण झाली. म्हातारबुवा म्हणाले, "मग इंजिन विकायला मला काही हरकत नाही. पण आधी जा आणि पाहून या."

पंख्यावरचे आकडे होते १४ आणि १५.

आपल्या कोकणातले मच्छीमार प्रॉपेलरला सरळ 'पंखा' म्हणतात. मलाही तोच शब्द बरा वाटतो. तरी एक खुलासा हवा: घरचा पंखा जागेवर राहून वारा फेकतो, बोटीचा पंखा पाणी मागे फेकून बोट पुढे ढकलतो. त्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला व्यासाचा: पाती फिरताना जे वर्तुळ होते, त्याची रुंदी १४ इंच. दुसरा आकडा 'पिच'चा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

लाकडात मळसूत्राचा स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. आटे विरळ असतील तर जास्त, दाट असतील तर कमी. पंख्याची पाती म्हणजे मळसूत्राचे तुकडेच. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे गेला असता, ते त्याचे पिच. मी मनाशी त्याला 'घास' म्हणू लागलो. १५ चा पंखा दर फेऱ्याला १५ इंचांचा घास घेतो, ११ चा ११ इंचांचा.

पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. ते निसटते. म्हणून बोट हिशेबापेक्षा नेहमी मागे राहते. या तुटीला 'स्लिप', म्हणजे घसर, म्हणतात. थोडी घसर असायचीच. घसरच नसेल तर रेटाही मिळणार नाही. हलक्या, निमुळत्या बोटीत ती शेकड्याला दहा-पंधरा असते, बोजड सांगडीत वीस किंवा त्याहून जास्त.

गणिताचा तास

पुढच्या रविवारी आम्ही दोघे आणि बाळूचे मित्र अशी भरगच्च मंडळी घेऊन सरोवरावर गेलो. नेहमीचे वजन हवे, ही म्हातारबुवांची सक्त ताकीद होती. रिकामी बोट पळवून घेतलेली परीक्षा म्हणजे विद्यार्थ्याला प्रश्न आधी सांगून घेतलेली परीक्षा. शांत पाण्यावर दांडा पूर्ण पुढे नेला. फेरे मोजणाऱ्या तबकडीचा काटा ४,५०० वर थांबला. इंजिनाच्या पुस्तकात लिहिले होते: पूर्ण थ्रॉटलला फेरे ५,००० ते ६,००० यांच्या दरम्यान असावेत.

रोग सापडला. इंजिन दुबळे नव्हते. त्याच्या तोंडात मावत नव्हता एवढा घास आम्ही त्याला भरवीत होतो. पहिल्या मालकाने तो पंखा एकट्या-दुकट्याने मासेमारीला भरधाव जाण्यासाठी बसवला असावा. इंजिनाची ताकद फेऱ्यांबरोबर वाढते. फेरे ४,५०० वरच अडले, तर साठ घोड्यांतले कित्येक तबेल्यातच उभे राहतात. शिवाय असे दडपलेले इंजिन जास्त तापते, आत काजळी धरते आणि लवकर झिजते. उलट घास फार लहान दिला तर इंजिन उगाच भरमसाट फिरते, तेही वाईट. त्या दोहोंमधली जागा शोधणे, हीच पंख्याची निवड.

जागा शोधण्याचा आडाखाही सोपा निघाला. पिच एक इंचाने कमी केले की फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी वाढतात. आम्हांला सातआठशे फेरे हवे होते. म्हणजे चार इंच कमी. १५ तून ४ गेले, राहिले ११. इयत्ता चौथीचे गणित, आणि त्यासाठी बाळू नव्वद घोड्यांचे इंजिन घ्यायला निघाला होता!

वेगाचा हिशेब मला जास्त मौजेचा वाटला. इंजिनाचे २.३३ फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो, अशी त्या इंजिनातल्या गिअरची योजना होती. ४,५०० ला २.३३ ने भागले, १५ इंचांनी गुणले आणि ताशी मैल काढले, तर उत्तर आले सव्वासत्तावीस मैलांच्या थोडे वर. प्रत्यक्षात बोट चालली होती सतरा मैलांनी. कागदावर सत्तावीस, पाण्यावर सतरा! दहा मैल नुसते घसरून गेले.

म्हातारबुवांनी ११ चा ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा पंखा वापरून पाहायला दिला. "आवडला तर पैसे द्या," म्हणाले. तीच मंडळी, तेच डबे, तेच सरोवर. काटा ५,३०० वर गेला. कागदावरचा वेग साडेतेवीसच्या वर, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी. पण पाण्यावर बोट एकोणीस मैलांनी धावली. घास लहान केला आणि चाल वाढली.

याच गमतीने एकेकाळी इतिहास घडला आहे. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने मळसूत्री प्रॉपेलरचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा म्हणजे दोन वेढ्यांचे लांबलचक लाकडी मळसूत्र. कालव्यात चाचणी चालू असताना ते कशावर तरी आपटले आणि त्याचा अर्धा भाग तुटून पडला. स्मिथला वाटले, आटोपले सारे. पण बोट पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली! पुढे एप्रिल १८४५ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने 'रॅटलर' हे पंख्याचे आणि 'अलेक्टो' हे बाजूच्या चाकांचे, अशी दोन जहाजे शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलट्या पावली ओढत नेले. जहाजांच्या चाकांचे दिवस तिथे भरत आले.

चौथे पाते

पण एक दुखणे उरले होते. वळताना इंजिन एकदम किंचाळायचे आणि जोर जायचा. आईने डोळे मिटले होते ते त्याच क्षणी, म्हणून त्याची शहानिशा झाल्याशिवाय आम्हांला चैन नव्हते.

कारण असे: पोंटूनच्या दोन नळकांड्यांमधून येणारे पाणी फेसाळलेले, हवा मिसळलेले असते. वळताना किंवा लाटेवर पंख्याजवळ पृष्ठभागावरची हवा ओढली जाते. पात्यांना पाण्याऐवजी हवा लागते, पकड सुटते, आणि इंजिन मोकळे भणाणते. याला व्हेंटिलेशन म्हणतात. पुष्कळ लोक यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पण तो रोग वेगळा. त्यात पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की थंड पाणीही तिथे उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूला खड्डे पाडतात. शब्दांच्या या घोळाने माझ्यातला मास्तर जागा झाला. श्लेष आणि यमक एकच समजणारे विद्यार्थी मला ठाऊक आहेत.

उपाय दोन. इंजिन मागच्या फळीवर थोडे खाली बसवणे, म्हणजे पंखा स्वच्छ पाण्यात राहतो. ते आम्ही एका भोकाने खाली घेतले. दुसरा उपाय म्हणजे चार पात्यांचा पंखा. चौथ्या पात्यामुळे पाण्यावर पकड वाढते, वळणावर ती सुटत नाही, मागची बाजू जरा उचलली जाते, आणि धक्क्याला लागताना, वाऱ्यात, मंद गतीतही बोट ऐकते. मात्र फुकट काही मिळत नाही. चार पात्यांना ओढ जास्त. आमचे फेरे ५,२०० झाले आणि वेग अर्ध्या मैलाने उतरला.

आता निवडायचे कोणते? बाळूला वेग प्रिय. तो पंखा हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, अर्धा मैल गेला तर गेला. आईला तो आवाज पुन्हा ऐकू यायला नको." गेल्या कित्येक वर्षांत आम्हां दोघांचे एवढे एकमत झाल्याचे मला आठवत नाही.

धातूचा प्रश्न लवकर सुटला. पोलादी पंखा ताठ, टिकाऊ आणि कार्यक्षम; पण तिप्पट-चौपट महाग. ॲल्युमिनियमचा पंखा खडकावर आपटला तर स्वतः मोडतो आणि बहुधा इंजिनाच्या आतले गिअर वाचवतो. सतरा-अठरा मैलांच्या सांगडीला ॲल्युमिनियम पुरे. उरलेल्या पैशांत जुना पंखा दुरुस्त करून जादा म्हणून बोटीतच ठेवावा, हा म्हातारबुवांचा सल्ला. पंख्यावाचून बोट म्हणजे नुसता तराफा.

पंखा बदलायला आम्ही दोघे दारातच बसलो. आधी इंजिनाची किल्ली काढून खिशात. मग पाते आणि वरची पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे नट सोडवताना पंखा फिरत नाही. पिन काढली, नट काढला, पंखा ओढला. दांड्यावर मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळलेला निघाला. हा दोरा आतले सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरते. पंखा अधूनमधून काढून पाहावा तो यासाठीच. दोरा सोडवला, दांड्याला ग्रीस लावले, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने घातले, नवी पिन बसवली. तासाभराचे काम. त्या तासात बाळूने मला बाबांच्या शेवटच्या आठ दिवसांबद्दल विचारले. मी सांगितले, सगळे. तो दोरा सोडवीत राहिला आणि ऐकत राहिला. मीही त्याला विचारले की, ते दिवस तू इथे एकट्याने कसे काढलेस. हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.

आणखी एक चक्कर

आईला आम्ही आग्रह केला नाही. नातवाने केला. ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी तो तिला सांगू लागला, "आजी, नवीन पंखा लावलाय. चार पात्यांचा. काका आणि बाबांनी दोघांनी मिळून लावला." आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "दोघांनी मिळून?" आणि चपला पायांत घातल्या.

पाणी आरशासारखे होते. बाळूने इंजिन बंद पाडणारी सुरक्षेची दोरी स्वतःच्या मनगटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर ती निघते आणि पंखा थांबतो. मुलांना त्याने बजावले: इंजिन चालू असताना मागच्या शिडीकडे जायचे नाही. मग दांडा हळू पुढे नेला. बोट कुरकुरली नाही. इंजिनाचा सूर चढला, स्थिर झाला, आणि नळकांड्यांच्या मागे पांढरी रेघ उमटू लागली.

वळण आले. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. बाळूही आरशातून तिच्याचकडे पाहत असावा. बोट वळली. आवाज बदलला नाही. आईने बाकाचा कठडा घट्ट धरला होता, तो सोडला.

एका शांत उपसागरात इंजिन बंद केले. आईने घरून निघताना बागेतली दोन फुले पदराला बांधून आणली होती, हे आम्हांला तेव्हा कळले. तिने कठड्यावरून वाकून ती पाण्यावर सोडली, हात ओला केला आणि डोळ्यांना लावला. सांगलीच्या घाटावर ती असेच करायची. चार वर्षे तिने ते केले नव्हते.

सूर्य मावळला. डास येऊ लागले, मुलांना भूक लागली, थालीपिठे संपली होती. बाळूने बोट धक्क्याकडे वळवली आणि विचारले, "आई, घाबरली नाहीस ना?"

आई म्हणाली, "ते राहू दे. अंधार पडायच्या आत आणखी एक चक्कर होईल का रे?"